हळूहळू म्हणजे नेमके काय हळूहळू?

1943 साली मिनियापोलिसमधल्या एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर बी. एफ. स्किनर आणि त्यांचे दोन सहकारी एका कबुतराला लाकडी चेंडू चोचीने टोलवायला शिकवत होते. टोला मारला की दाणे, असे ठरले. पण टोला काही पडेना. मग त्यांनी अपेक्षाच खाली आणली. चेंडूकडे नुसते पाहिले तरी दाणे, पुढे चोच जवळ नेली तर दाणे. काही मिनिटांतच चेंडू खोक्याच्या भिंतींवर आपटू लागला. हे 'शेपिंग'.

त्याआधी, 1937 मध्ये, स्किनर यांचा प्लिनी नावाचा उंदीर साखळी ओढून गोटी मिळवायला आणि ती उचलून नळीत टाकायला शिकला होता. तिथे टप्प्याटप्प्याने बदलत गेली ती मुख्यतः पिंजऱ्यातली मांडणी.

दोन्हींना आपण 'हळूहळू शिकवले' म्हणतो, आणि इथेच घोळ होतो. वर्गीकरण करायचे तर बदलले काय, हे आधी विचारावे लागते. शेपिंगमध्ये अपेक्षा बदलते. 1963 मध्ये हर्बर्ट टेरेस यांनी कबुतरांना लाल आणि हिरव्यातला फरक शिकवला, तेव्हा हिरवा दिवा आधी क्षणभर, अगदी मंद दाखवून तो क्रमाने उजळत नेला. कबुतरांच्या चुका जवळपास झाल्याच नाहीत. बदलला तो संकेत; हे 'फेडिंग'. बक्षीस विरळ करत जाणे हा तिसरा प्रकार.

हा भेद पुस्तकी वाटेल. पण शिकणारा अडला की तो कामी येतो. अपेक्षा फार चढवली असेल तर ती उतरवायची, आधार फार लवकर काढला असेल तर तो परत द्यायचा, बक्षीस फार विरळ झाले असेल तर ते वाढवायचे. बाहेरून तिन्ही ठिकाणी दिसते ते एकच: मूल थांबले. बालवाडीत माझ्या पाटीवरचे ठिपके एके दिवशी एकदम गेले. अक्षरे कोलमडली आणि मी 'ढ' ठरलो. ठिपके पुसट करत नेता येतात, हे कुणाला सुचले नसावे.

सगळीच उदाहरणे मात्र खणांत नीट बसत नाहीत. 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या तीन वर्षांच्या आतल्या पीटरची हकीकत प्रसिद्ध केली. त्याला आवडीचा खाऊ देत पिंजऱ्यातला ससा थोडाथोडा जवळ आणला जाई. संकेत बदलत होता हे खरे. पण जोन्स यांची टप्प्यांची यादी पाहावी, तर त्यात नोंद आहे ती पीटर काय सहन करतो याची: बारा फुटांवरचा बंद ससा, चार फुटांवरचा, खोलीत मोकळा, आणि शेवटी त्याची बोटे कुरतडू पाहणारा. माझ्या वहीत पीटर दोन पानांवर आहे.