एनएची कुळकथा

नांदेड-लातूर रस्त्यावर विष्णुपुरीच्या आसपास प्लॉटच्या पाट्या वाचत निघालं की एकच जप डोळ्यांवर येतो : 'एनए ४४, टीपी मंजूर, विद्यापीठापासून पाच मिनिटं.' यातला एनए म्हणजे बिगरशेती (नॉन-ॲग्रिकल्चरल), टीपी म्हणजे नगररचना आणि ४४ हा महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतल्या कलमाचा आकडा. शेतजमीन बिगरशेती कामाला लावायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्या, असं ते कलम सांगतं. गावं कशी वसवावीत या चिंतेतून ते जन्मलं असावं असं वाटेल, पण त्याची नाळ शेतसाऱ्याशी जोडलेली आहे.

इंग्रजांनी १८३० च्या दशकात इंदापुरात मोजणीची जी घडी बसवली, तीत सारा मातीची प्रत पाहून ठरे आणि तीस वर्षं तसाच चाले. मधल्या काळात कुणी त्याच रानात गिरणी किंवा बंगला उठवला, तर सरकारनं ज्वारीचाच सारा घेऊन गप्प बसायचं का? १८७९ च्या मुंबईच्या महसूल कायद्यातलं कलम ६५ या प्रश्नावरचं उत्तर. आधी परवानगी काढा, मग वाढीव आकार भरा. इथे काय बांधलं जाणार आणि शेजाऱ्याला त्याचा काय त्रास होणार, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

नांदेड आणि लातूर तेव्हा निजामाच्या मुलखात. इथे १३१७ फसलीचा हैदराबादचा महसूल कायदा चाले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून सगळ्या महाराष्ट्राला एकच संहिता लागली. त्याच वर्षी जानेवारीत प्रादेशिक व नगररचना कायदाही अमलात आला होता. तेव्हापासून एका जमिनीला दोन धनी झाले. नगररचनेच्या नकाशात तिचा पट्टा पिवळा की हिरवा ते ठरे, आणि महसूल दप्तरात तिच्यापुढे 'निवासी' की 'वाणिज्य' हे लिहिलं जाई.

गंमत अशी, की लातूरला मिश्र वापर नवा नाही. १९१७ च्या गंजगोलाईच्या गोल इमारतीभोवती सोळा रस्ते येऊन मिळतात आणि प्रत्येकाला आपला बाजार आहे : सोनं, चपला, मिरची, गूळ. पेठेतल्या माणसाला खाली दुकान आणि वर बिऱ्हाड यासाठी कधी वेगळा कागद लागला नव्हता.

पुढे शिकवणीचा 'लातूर पॅटर्न' गाजला आणि गावोगावची मुलं शहरात उतरली. १७ सप्टेंबर १९९४ ला औरंगाबादच्या विद्यापीठातून नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ वेगळं निघालं. त्याचे पहिले कुलगुरू जनार्दन वाघमारे हे लातूरच्या शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि पुढे ते लातूरचे नगराध्यक्षही झाले. पॅटर्न, विद्यापीठ आणि नगरपालिका एकाच माणसाच्या आयुष्यात आली, पण तिघांची दप्तरं काही एक झाली नाहीत.

एनएचा आदेश हातात घेऊन वाचावा. वर्षभरात वापर सुरू करा, सुरू झाला की तीस दिवसांत तलाठ्यामार्फत तहसीलदारांना कळवा आणि वापर 'निवासी' एवढाच ठेवा. कलम ४४ फक्त शेतीतून बाहेर पडण्यापुरतं नाही. एका बिगरशेती वापरातून दुसऱ्यात जायलाही तेच लागतं. म्हणजे तळमजल्यावर मेस, मधे अभ्यासिका आणि वर चार-चार मुलांच्या खोल्या अशी इमारत कागदावर निव्वळ घर असते. लातूरच्या ट्युशन एरियात फिरा, नांदेडच्या भाग्यनगर-श्यामनगरात फिरा, घरांचा वापर विद्यार्थ्यांनी केव्हाच बदलून टाकलेला दिसेल. मला यात घरमालकाची लबाडी कमी आणि कायद्याचा म्हातारपणा जास्त दिसतो. दुसरी फाइल करण्यापेक्षा डबे सुरू करणं सोपं, हे कुणालाही कळतं.

२०१४ पासून संहितेत ४२-अ आणि पुढे ४२-ब, ४२-क ही कलमं आली. विकास आराखड्यात जमीन ज्या वापरासाठी दाखवली आहे, त्याच वापरासाठी पुन्हा एनएची स्वतंत्र परवानगी नको, ठरलेला कर आणि अधिमूल्य भरा, असा त्यांचा मथितार्थ. सव्वाशेहून जास्त वर्षांनी नगररचनेनं महसुलाचा हात थोडा सैल केला. मग डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळून जवळपास सगळ्या राज्याला एकच बांधकाम नियमावली आली. तिच्यात कळीचा मुद्दा पट्ट्याच्या रंगाइतकाच रस्त्याच्या रुंदीचा. रुंद रस्त्यावर निवासी पट्ट्यातही दुकानं, कार्यालयं चालतात आणि प्रीमियम भरून वाढीव एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक) घेता येतो.

घोडं अडतं ते इथेच. ज्या जुन्या लेआउटमध्ये आत सहा मीटरचे बोळ सोडून ३० बाय ४० फुटांचे प्लॉट पाडले गेले, तिथे नवी नियमावली आली तरी बोळ तेवढाच राहतो. महापालिकेच्या नव्या वस्त्यांत नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्याला मूळ १.१ एफएसआयवरच थांबावं लागतं. विद्यापीठाजवळ दाटी हवी असेल तर रंग बदलण्याआधी रस्त्याची जागा मोकळी करावी लागेल, आणि ती देणारे शेजारी अजून कुणी पाहिलेले नाहीत. प्लॉट घेणारा मात्र अजूनही पहिला प्रश्न तोच विचारतो, एनए आहे का? रस्ता किती फुटी आहे, हे सौदा झाल्यावर टेप लावून पाहतात.