दांपत्याचे ऋण

ख्रिस्ती विवाहातील शय्यासंबंधाविषयी पतिपत्नींनी मोकळेपणी बोलावे, ही कल्पना अलीकडची आहे असे पुष्कळांस वाटते. आम्हांसही तसेच वाटत असे. हा समज दूर केला तो मार्जरी केंप या मध्ययुगीन इंग्रज स्त्रीच्या पुस्तकाने.

मार्जरी सुमारे १३७३ साली लिन या बंदराच्या गावी जन्मली. तिचे वडील पाच वेळा त्या गावचे मेयर झाले होते. विसाव्या वर्षाच्या सुमारास जॉन केंप याच्याशी तिचा विवाह झाला व तिला चौदा मुले झाली. आपली जीवनकथा तिने दुसऱ्यांकडून लिहवून घेतली. १५०१ च्या सुमारास तिचा जो त्रोटक सारांश छापला गेला, त्यातून पती, अंथरूण, मुलेबाळे सारे गळले; पुढच्या मुद्रकाने तर १५२१ मध्ये तिला चक्क एकांतवासिनी ठरविले! संपूर्ण हस्तलिखित एका जुन्या कॅथलिक घराण्याकडे सापडले ते १९३४ साली.

तारुण्यात आपण दोघे परस्परांच्या देहात रमलो होतो, हे ती लपवीत नाही. पण एका रात्री पतीशेजारी निजली असता तिला स्वर्गीय संगीत ऐकू आले आणि देहसंबंधाची तिला शिसारी आली. येथे धर्मशास्त्र आडवे आले. पतीचा देह पत्नीच्या व पत्नीचा देह पतीच्या सत्तेत असतो, असे संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात सांगितले आहे. मध्ययुगीन धर्मपंडित या कर्तव्यास ‘ऋण’ म्हणत. ते दोघांवरही सारखेच होते; मात्र म्हणूनच दुसऱ्याच्या संमतीवाचून एकट्याला ब्रह्मचर्याचे व्रत घेता येत नसे. मार्जरी कित्येक वर्षे पतीची विनवणी करीत राहिली आणि मुले होत राहिली.

अखेर निकाल लागला तो रस्त्यावर. अभ्यासक तो दिवस २३ जून १४१३, शुक्रवार, असा धरतात. म्हणजे आमच्या गोव्यात ज्या सणाला जावई विहिरीत उड्या घेतात, त्या सांजांवची पूर्वसंध्या. उन्हाच्या तलखीत दोघे यॉर्कहून परतत होती. तिच्या हाती बिअरची बाटली होती, त्याने अंगरख्यात केक खोवला होता. आठ आठवडे त्याने तिला स्पर्श केला नव्हता. त्याने विचारले की, कोणी तलवार उगारून, पत्नीशी संग कर नाहीतर मस्तक उडवितो, असे म्हणाला तर तू काय करशील? तिने खरे ते सांगितले: तुमचा वध झालेला परवडेल. तू चांगली बायको नव्हेस, एवढेच तो बोलला. स्पर्श करू जाताच मनात असे भय दाटते की पुढे धजत नाही, अशी कबुलीही त्याने दिली. हा नवरा आडदांड नव्हता, हे आम्हांस विशेष वाटते.

मग सौदा सुरू झाला. अंथरूण एकच राहावे, तिने जेरुसलेमच्या यात्रेस निघण्यापूर्वी त्याचे कर्ज फेडावे आणि शुक्रवारचा उपवास सोडून त्याच्याबरोबर जेवावे, अशा त्याच्या तीन मागण्या होत्या. तिने शेतातल्या क्रूसाखाली गुडघे टेकून ख्रिस्ताला कौल लावला. उपवास सोडण्याची अनुज्ञा मिळाली. तिने कर्ज व जेवण मान्य केले आणि त्याने तिचा देह मोकळा केला. एका ऋणाच्या बदल्यात दुसरे ऋण फिटले! दोघांनी तीन वेळा ‘आमच्या बापा’ म्हटले आणि आनंदाने खाल्ले, प्याले.

पुढे लोकनिंदा टाळण्यासाठी दोघे वेगळी राहू लागली. जॉन साठी उलटल्यावर जिन्यावरून पडून डोक्याला जबर जखमी झाला. तो मेला तर हिलाच फासावर चढवावे, असे लोक म्हणू लागले. तिने त्याला घरी आणले आणि त्याच्या मरणापर्यंत वर्षानुवर्षे त्याची शुश्रूषा केली. त्याला मूल झाल्यासारखे झाले. शौचाचेही भान उरले नाही. त्याचे कपडे धुताना तिला कष्टाचा वीट येई, तेव्हा ती मनाशी म्हणे, तरुणपणी याच देहासाठी आपण किती आसुसलो होतो.