काटकसर कोणाला परवडते? : मुंबईच्या घरखर्चाची पन्नास वर्षे

काटकसर हा आपल्याकडे गुण मानला जातो, आणि गुणांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. महागाईचा लिहिला जातो, संपांचा लिहिला जातो. घरात धान्य कधी भरले, रॉकेल महिनाअखेरीपर्यंत कसे पुरवले, लुगडे विरल्यावर त्याचे काय झाले, हे मात्र बायकांच्या बोलण्यातच राहते. त्या बोलण्याची सांगड सरकारी अहवालांशी आणि कायद्यांशी घालू लागलो, तेव्हा एकच प्रश्न मला पुनःपुन्हा पडत गेला : काटकसर करायला मुळात काय लागते?

पहिली लागते ती हातात रोकड. गावाकडची जुनी रीत बेगमीची. सुगीला भाव उतरले की वर्षाचे धान्य घ्यायचे, कडुनिंबाचा पाला घालून कणगीत भरायचे. उन्हाळ्यात पापड, कुरडया, सांडगे आणि वर्षाचे तिखट करून ठेवायचे. यात बचत निश्चित होते, पण वर्षाचा पैसा एकदम काढावा लागतो. कोकणातून, घाटावरून गिरणीत आलेल्या माणसाकडे तो नव्हता. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने केलेल्या घरखर्चाच्या पाहणीचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात जवळजवळ निम्मी कामगार कुटुंबे कर्जात असल्याचे दिसते. रुपयाला महिना एक आणा हा व्याजाचा दर सर्रास होता, म्हणजे वर्षाला शेकडा ७५! पुढे १९३६ च्या वेतन कायद्याने मोठ्या कारखान्यांना महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत देण्याचे बंधन घातले. तोवर घर चाले ते वाण्याच्या उधारीवर. उधारीच्या गिऱ्हाइकाला चार दुकानांत भाव करता येत नाही, वाणी सांगेल तो भाव आणि देईल तो माल. स्वस्तात घेण्याची सोय ज्याला सर्वांत जास्त हवी, त्यालाच ती नव्हती.

दुसरी लागते जागा. बहुतेक कामगार कुटुंबे चाळीतल्या एका खोलीत राहत. तिथे कणगी ठेवणार कुठे आणि वाळवण घालणार कुठे? त्यातच मे १९४३ मध्ये मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. कार्डावर माणशी ठरलेला शिधा ठरावीक मुदतीपुरताच मिळे. डिसेंबर १९४७ मध्ये नियंत्रणे उठवण्याचा निर्णय झाला, भाव कडाडले आणि १९४८ मध्ये ती पुन्हा आली. रेशनने अनेकांची उपासमार टाळली हे मान्यच केले पाहिजे. पण ज्या मध्यमवर्गीय घरांना पूर्वी बेगमी परवडत होती, त्यांचीही ती रीत मोडली.

रोकड नाही, जागा नाही, तेव्हा उरतो वेळ. आणि तो बाईचा. दोडक्याच्या शिरांची चटणी, उरलेल्या पोळीचा कुस्करा, रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी. कोळसा महाग म्हणून लाकडाचा भुसा ठासून पेटवलेली शेगडी. विरलेल्या लुगड्याचे आधी परकर, मग दुपटी, मग गोधडी आणि शेवटी पायपुसणे. जुने कपडे देऊन बोहारणीकडून भांडे मिळवण्यासाठी तासभर घासाघीस. मुलांच्या वह्यांतली कोरी पाने काढून, दोऱ्याने शिवून केलेली नवी वही. यातून वाचलेला पैसा घरखर्चाच्या वहीत दिसतो, त्यासाठी गेलेले तास कुठेच दिसत नाहीत. सगळ्यांत शेवटी जेवणारी बाई स्वतःच्या ताटातून काय वाचवत होती, तेही दिसत नाही. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी देशाला आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. ते लोकांनी मनापासून पाळले. पण अनेक घरांतल्या बायकांना अशा त्यागाची सवय आधीपासूनच होती, असे मला वाटते.

१९५९ हे वर्ष या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहे. त्या वर्षी हॉकिन्स आणि प्रेस्टीज हे प्रेशर कुकर आपल्याकडे बाजारात आले. कुकरने इंधन वाचते आणि वेळही, पण पुन्हा आधी रोकड हवी. त्याच वर्षी १५ मार्चला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. लिज्जतची ही सुरुवात सर्वांना ठाऊक आहे. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. जे वाळवण पिढ्यान्‌पिढ्या ‘घरचे काम’ म्हणून फुकट होत आले, त्याचा इथे मोबदला ठरला. काटकसरीतल्या श्रमाला किंमत असते, हे त्यातून दिसले.

पण वेळ घालून पैसा वाचवण्यालाही मर्यादा असते. १९७२ चा दुष्काळ पडला, रेशनच्या दुकानांत अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली. तेल, साखर, रॉकेल यांसाठी रांगा लागल्या. उरलेल्या भाताला फोडणी देता येते, पण भात उरलाच नाही तर सुगरणपणा काय करणार? महागाईविरोधात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या हजारो बायका लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत रस्त्यावर आल्या. वर्तमानपत्रांना त्या हत्यारांची गंमत वाटली असेल, मला त्या मोर्चात एक हिशेब दिसतो. आम्ही आमच्या बाजूने जेवढे वाचवायचे तेवढे वाचवले आहे, आता उरलेला हिशेब सरकारने आणि साठेबाजांनी द्यावा, असे त्या सांगत होत्या.

म्हणून गरिबाला काटकसरीचा उपदेश करण्याआधी त्याच्याकडे रोकड, जागा आणि वेळ यांपैकी काय आहे, हे विचारावे. आणि आजी-आईच्या काटकसरीचे कौतुक करताना त्यांचे तासही मोजावेत. त्या काळी अनेक संसार गिरणीच्या पगाराइतकेच या न मोजलेल्या तासांवर उभे होते.