कर्तृत्व आणि काळ

या स्मरणिकेतून दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव होतो, व तो उचितच आहे. परंतु ज्या घरातील मुलाचे नाव त्या यादीत नसते, तेथील वडीलधारी माणसे ‘आमच्या मुलास बुद्धीच बेताची’ असे म्हणून स्वस्थ बसतात, हे पाहून आम्हांस खेद होतो. मोठे उद्योग केवळ अलौकिक बुद्धीतूनच उभे राहतात, ही समजूत इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरते, हे अमेरिकेतील संगणक-व्यवसायाच्या एका प्रकरणावरून पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

सिएटल शहरी लेकसाइड नावाची शाळा आहे. १९६८ साली तेथील मातांच्या मंडळाने जुन्यापान्या वस्तूंची विक्री केली, व त्या पैशातून शाळेस एक टेलिटाइप यंत्र आणि दूरच्या संगणकावर काम करण्याचा वेळ मिळवून दिला. त्या काळी संगणक ही मुख्यतः मोठ्या कंपन्या, सरकारी खाती व विद्यापीठे यांची मिरास होती. या यंत्राचा ज्यांना ध्यास लागला, त्या मुलांत १९५५ साली जन्मलेले बिल गेट्स व त्यांच्याहून वडील असलेले पॉल ॲलन हे होते.

पुढे १९७५ च्या जानेवारीत ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर ऑल्टेअर ८८०० हा घरी जुळविता येणारा लहान संगणक झळकला. त्यास भाषा हवी होती. बेसिक ही भाषा डार्टमथ महाविद्यालयातील केमेनी व कुर्ट्झ या अध्यापकांनी १९६४ सालीच सिद्ध केली होती. गेट्स व ॲलन यांनी ती या लहान यंत्रात बसविली व त्याच वर्षी मायक्रोसॉफ्ट स्थापिली. यंत्र नवे होते, पण त्यांची तयारी सात वर्षांची होती.

आता दुसरी बाजू पाहा. त्याच सिएटलमध्ये १९४२ साली जन्मलेले गॅरी किल्डॉल हे विद्वान अध्यापक. लहान संगणकाचा सर्व कारभार पाहणारी ‘सीपी/एम’ ही प्रणाली त्यांनी १९७४ मध्येच निर्माण केली होती. बुद्धीत ते कोणासही हार जाणारे नव्हते. १९८० साली आयबीएम कंपनीस आपल्या नव्या संगणकासाठी अशीच प्रणाली हवी होती. तिचे प्रतिनिधी किल्डॉल यांच्याकडे गेले. परंतु करार जमला नाही, आणि नव्या सोळा-बिटी प्रोसेसरसाठीची त्यांची आवृत्तीही मागे पडली होती. ती उणीव भरून काढण्यासाठी सिएटलच्याच एका लहान कंपनीत टिम पॅटरसन यांनी निराळी प्रणाली लिहिली होती. मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली, आयबीएमला दिली, आणि इतर उत्पादकांस विकण्याचा हक्क मात्र स्वतःकडे राखला. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा संगणक बाजारात आला. त्याच्या बरहुकूम यंत्रे इतर कंपन्याही करू लागल्या, आणि त्या एका हक्काचे मोल सर्वांस कळले.

गेट्स यांची बुद्धी व व्यवहारदक्षता आम्ही नाकारीत नाही. तो हक्क राखण्यास दूरदृष्टीच लागली. परंतु प्रणालीची मूळ कल्पना त्यांची नव्हे, भाषा त्यांची नव्हे, आयबीएमला दिलेली प्रणालीही त्यांनी रचलेली नव्हे. त्यांचे होते ते वेळेवर तयार असणे.

आणि ही तयारी कोठून आली? मातांनी भरविलेल्या एका विक्रीतून! बंधुभगिनींनो, काळ कोणाच्या हाती नसतो, आणि बुद्धिवैभव मंडळाच्या ठरावाने निर्माण होत नाही. मात्र काळाची चाहूल लागण्यापूर्वीच मुलांच्या हाती साधन देणे, हे चार घरांच्या वर्गणीतूनही साधते. त्या मातांस आपल्या यंत्रातून काय निपजेल, हे ठाऊक नव्हते. साधन देताना त्यांनी गुणांची यादी पुढे ठेवली असती, तर कदाचित दारच उघडले नसते. आपणही यादीबाहेरच्या मुलांसाठी एखादे दार उघडे ठेवू या.