मसाला बेटांचे कोरीव नकाशे (संग्रह)

मसाला बेटांचे कोरीव नकाशे : आजच्या इंडोनेशियातील मालुकू बेटांचे, सोळाव्या ते अठराव्या शतकात तांब्याच्या पत्र्यावर कोरून युरोपात छापलेले नकाशे. लवंग मुळात तेर्नाते, तिदोरे आणि आसपासच्या मोजक्या बेटांवरच पिके. जायफळ आणि जायपत्री बांदा बेटांवर. एवढ्याशा जमिनीसाठी आरमारे झुंजली. तिचे नकाशे आज जगभरचे संग्राहक हुडकत असतात.

गंमत अशी, की यांतले बहुतेक नकाशे जहाजावर वापरण्यासाठी नव्हतेच. १६०२ मध्ये स्थापन झालेली डच ईस्ट इंडिया कंपनी आपल्या कप्तानांना हाताने काढलेले तक्ते देई. छापील नकाशा असे तो धनिकांच्या ग्रंथसंग्रहासाठी. जाडजूड ॲटलासांत मिटून राहिल्यामुळेच तो खारी हवा आणि घामट हात यांपासून वाचला.

संग्राहकांच्या लेखी मानाचे पान पेट्रुस प्लांसियस याचे. हा ॲमस्टरडॅमचा धर्मोपदेशक. पोर्तुगीज नकाशाकार बार्तोलोमेउ लासो याचे तक्ते त्याने मिळवले आणि १५९२ ते १५९४ च्या सुमारास मालुकूचा नकाशा प्रसिद्ध झाला. खालच्या कडेला जायफळ, लवंग आणि तीन जातींचे चंदन झोकात कोरले आहे. वर भूगोल, खाली माल : नकाशा कशासाठी काढला, हे लपवायचा प्रयत्नच नाही. १६१७ मध्ये फिस्सर या प्रकाशकाने तो पुन्हा काढला. पहिल्या छपाईच्या प्रती फार थोड्या उरल्या आहेत.

नकाशाकार ऑर्टेलियसच्या १५७० च्या नकाशात जलपऱ्या आणि समुद्रराक्षस आहेत. भिंतीवर तो शोभतो. पण ब्लाउ या नकाशाकार घराण्याचा मालुकूचा नकाशा बघण्यात अधिक मजा आहे. त्यात उत्तर उजवीकडे असल्याने लवंगेची बेटे आडव्या ओळीत येतात आणि बाचानला चौकटीत वेगळी जागा मिळते.

गोव्याचा धागाही इथेच जुळतो. लिन्सखोतेन हा डच तरुण १५८३ मध्ये गोव्यात आला आणि आर्चबिशपच्या पदरी लेखनिक झाला. तिथे त्याने पूर्वेकडच्या व्यापाराची जमवलेली माहिती १५९६ मध्ये ॲमस्टरडॅमला ग्रंथरूपाने छापली गेली. त्यात पूर्वेकडील बेटांचा नकाशा आहे, तसा गोवा शहराचा आराखडाही.

अस्सल प्रत ओळखायची तर आधी पान पालथे करावे. ॲटलासातल्या पानाच्या पाठीवर बहुधा लॅटिन, डच किंवा फ्रेंच मजकूर असतो. त्यावरून आवृत्ती ठरवता येते. दाबयंत्रात पत्र्याची कड कागदात रुतून चौकोनी वळ उमटतो, तो बोटाला लागतो. कागद उजेडात धरला की जाळीच्या रेघा आणि जलचिन्ह दिसते. जुना हिरवा रंग तांब्याच्या क्षारांचा असल्यामुळे त्याखालचा कागद तपकिरी पडून ठिसूळ होतो. हिरवा टवटवीत आणि पाठ कोरी करकरीत असेल, तर रंग अलीकडे भरल्याची शंका घ्यावी.

सुटे नकाशे बाजारात येतात ते बव्हंशी फोडलेल्या ॲटलासांतून, आणि काही चोरीचे. २००५ मध्ये येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात फोर्ब्स स्मायली हा नकाशाविक्रेता पकडला गेला. जमिनीवर पडलेल्या ब्लेडच्या पात्याने त्याचे बिंग फुटले. पुढे त्याने ९७ नकाशे चोरल्याची कबुली दिली. तेव्हापासून सावध गिऱ्हाईक नकाशाआधी त्याच्या मालकीची साखळी विचारतो.