एका वगळलेल्या लेखाची कथा

संशोधकाचें हस्तलिखित संपादकाच्या हातीं पडलें, म्हणजे त्याचा निवाडा केवळ त्यांतील सत्यावरून होत नाहीं. त्या काळची अभिरुचीही न्यायासनावर बसलेली असते. कॅप्टन स्कॉट यांच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेंतील शल्यवैद्य जॉर्ज मरे लेव्हिक यांनीं १९११-१२ च्या तेथील उन्हाळ्यांत केप अडेअर येथें अडेली पेंग्विनांचें बारकाईनें निरीक्षण केलें. मृत मादीशींही समागम करूं पाहणारे नर त्यांनीं पाहिले, आणि संकोचानें कांहीं नोंदी ग्रीक अक्षरांत दडवल्या. १९१५ सालीं त्यांचा पेंग्विनविषयक प्रबंध प्रसिद्ध झाला. परंतु एवढा भाग वगळून त्याच्या सुमारें १०० प्रती, 'प्रसिद्धीसाठीं नव्हे' अशा सूचनेसह, निवडक तज्ज्ञांपुरत्या छापण्यांत आल्या.

पुढें १९३१ सालीं केंब्रिजच्या स्कॉट ध्रुवीय संशोधन संस्थेनें 'पोलर रेकॉर्ड' हें नियतकालिक काढलें. लेव्हिक १९५६ सालीं वारले. त्यांचा तो लेख याच नियतकालिकानें २०१२ सालीं विवेचनासह जगापुढें ठेवला.

वगळणाऱ्यांस आज दोष देणें सोपें आहे. परंतु त्यांनीं तो भाग जाळला नाहीं. छापून ठेवला, म्हणूनच तो उरला. लेख नाकारण्याचा अधिकार संपादकास असेल. निरीक्षण नष्ट करण्याचा मात्र कोणासही नाहीं.