एरिक्सन, एरिक होम्बर्गर

(१५ जून १९०२–१२ मे १९९४). जर्मनीत जन्मलेले अमेरिकन मनोविश्लेषक व विकासमानसशास्त्रज्ञ. मानवी विकासाची मनोसामाजिक उपपत्ती आणि किशोरवयातील अस्मितेचे विवेचन यांसाठी ते विख्यात आहेत. जन्म फ्रँकफुर्ट येथे. आई डॅनिश ज्यू. जन्मदाते वडील कोण, हे त्यांना अखेरपर्यंत कळले नाही. बालरोगतज्ज्ञ असलेल्या सावत्र वडिलांच्या घरी, कार्ल्सरूए येथे ते वाढले. चित्रकार म्हणून काही काळ भटकल्यावर १९२७ मध्ये ते व्हिएन्नातील एका शाळेत शिक्षक झाले. तेथे अ‍ॅना फ्रॉइड यांच्याकडे त्यांनी मनोविश्लेषणाचे शिक्षण घेतले. १९३३ मध्ये ते अमेरिकेला गेले व १९३९ मध्ये तेथील नागरिक झाले. विद्यापीठाची पदवी नसतानाही कॅलिफोर्निया व हार्वर्ड विद्यापीठांत ते प्राध्यापक होते.

सिग्मंड फ्रॉइड यांनी व्यक्तिमत्त्वाची घडण मुख्यतः बालपणीच्या लैंगिक प्रेरणांशी जोडली होती. एरिक्सन यांनी ती जन्मापासून वार्धक्यापर्यंत चालते असे मानले आणि तीत समाज व संस्कृती यांना निर्णायक स्थान दिले. सू व युरोक या आदिवासी जमातींतील बालसंगोपनाच्या अभ्यासाचा त्यामागे आधार होता. *चाइल्डहुड अँड सोसायटी* (१९५०) या ग्रंथात त्यांनी विकासाच्या आठ अवस्था मांडल्या. प्रत्येक अवस्थेत दोन विरोधी प्रवृत्तींचा संघर्ष असतो : तान्हेपणी विश्वास व अविश्वास, शालेय वयात उद्यमशीलता व न्यूनभाव, वार्धक्यात कृतार्थता व वैफल्य.

यांपैकी पाचवी, किशोरवयाची अवस्था त्यांनी सर्वांत विस्ताराने अभ्यासली. अस्मिता व भूमिकासंभ्रम यांचा संघर्ष हे तिचे सूत्र. शरीर झपाट्याने बदलत असतानाच व्यवसाय, मूल्ये, लैंगिकता यांविषयी निवड करण्याचा दबाव येतो. लहानपणी आपलीशी केलेली आईवडिलांची व इतरांची रूपे नव्याने जुळवावी लागतात. कायमची बांधिलकी पुढे ढकलून वेगवेगळ्या भूमिका अजमावण्यासाठी समाज जी सवलत देतो, तिला त्यांनी ‘मनोसामाजिक स्थगिती’ म्हटले. ‘अस्मितेचा पेच’ ही त्यांची संज्ञा दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांवरील उपचारांतून पुढे आली. *आयडेंटिटी : यूथ अँड क्रायसिस* (१९६८) हा या विषयावरील त्यांचा प्रमुख ग्रंथ.

मार्टिन ल्यूथर यांच्या तारुण्याचे विश्लेषण त्यांनी १९५८ मध्ये केले. १९६२ मध्ये एका चर्चासत्रासाठी ते अहमदाबादला आले. तेथील १९१८ च्या गिरणी संपावर आणि महात्मा गांधींच्या मध्यमवयातील घडणीवर त्यांनी *गांधीज ट्रूथ* (१९६९) लिहिले. त्यास पुलिट्झर पारितोषिक लाभले. भारतीय मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांच्यावरही त्यांचा प्रभाव होता.

जेम्स मार्शिया यांनी १९६६ मध्ये शोध व बांधिलकी या निकषांवर अस्मितेच्या चार स्थिती ठरवून ही उपपत्ती संशोधनासाठी मोजता येण्याजोगी केली. कॅरोल गिलिगन यांनी मात्र ती पुरुषांच्या जीवनक्रमावर बेतलेली असल्याची टीका केली (१९८२) : आधी अस्मिता, मग जवळीक हा क्रम स्त्रियांच्या अनुभवाशी जुळत नाही, असे त्यांचे म्हणणे. एरिक्सन हार्विच (मॅसॅच्यूसेट्स) येथे निधन पावले.